फुलानी

फळ्याचा डावा कोपरा वाळवीनं खाल्लेला,
म्हणून म्वानाखेरी बाई
प्रत्येक गणित मधूनच सुरू करायच्या.
खिडकीबाहेर वेते गावच्या रस्त्याकडेला
चटयांवर लवंगा वाळत पडलेल्या,
वह्यासुद्धा त्याच वासाच्या.

त्या दिवशी त्यांनी खडू उचललाच नाही.
म्हणाल्या, "कितेन्दाविली!"
आणि आम्ही चाळीस जण,
झोपेतही ओरडलो असतो तसे ओरडलो, "तेगा!"
कोडं! घाल! एवढाच अर्थ,
पण पेम्बा बेटावर
या दोन शब्दांवाचून कोणाची संध्याकाळ सुरू होत नाही.

"फुलानी चढला," बाई म्हणाल्या.
"सांगा, फुलानी कोण?"

फुलानी म्हणजे फलाणा. अमका. ढमका.
ज्याचं नाव आठवत नाही तो,
ज्याचं नाव घ्यायचं नाही तोही.

"माकड," मी म्हणालो, मला नेहमी माकडच सुचतं.
"माझा मामा," रिझिकी म्हणाली, "लवंगेच्या झाडावर."
"ताप," शामे म्हणाला, त्याला नुकताच येऊन गेला होता.
"भाव," फाकी म्हणाला. त्याच्या बापाचं दुकान.
खाडीकाठच्या मकामेनं सांगितलं, "भरतीचं पाणी."

"सगळे बरोबर," बाई म्हणाल्या.
असं त्या कधी म्हणत नसत.
आम्ही एकमेकांकडे संशयानं पाहिलं.

"आता ऐका. फुलानी चढला, आणि उतरला."
आम्ही तपासलं.
माकड उतरतं. मामा उतरतो.
ताप उतरतो, भाव उतरतो
(फाकीचा बाप त्या दिवशी जेवत नाही),
पाणी तर दिवसातून दोनदा उतरतं.
कोणीच बाद होईना. मजा वाटली.

"फुलानी चढला, उतरला,
आणि खिशातून मूठभर लवंगा काढल्या."

ताप गेला. भाव गेला. पाणी गेलं.
माकडाला खिसा असतो म्हणून मी भांडलो,
हरलो.
मामा एकटाच उरला, झाडाखाली, मूठ उघडी.

तेव्हा कुठे बाईंनी खडू घेतला.
फुलानी अधिक तीन बरोबर अकरा.
"यालाही खिसा आहे," म्हणाल्या, "शोधा."
आणि आठ हा आकडा
मला पहिल्यांदा कोणाचा तरी मामा वाटला.

मग सिकुजुआ उठली.
ती सहसा उठत नसे.
"कितेन्दाविली," ती बाईंनाच म्हणाली.
वर्ग गप्प. बाई म्हणाल्या, "तेगा."
"माझे बाबा मस्कतला गेले.
फुलानी महिन्यांनी येतील.
फुलानी किती?"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं,
वाळवीच्या कोपऱ्याकडे.
"अजून एक वाक्य दे, पोरी.
एका वाक्यात तो पकडता येत नाही."
"दुसरं वाक्य नाही," सिकुजुआ म्हणाली.
"फोन लागत नाही."

नियम सगळ्यांना ठाऊक होता:
कोडं सुटलं नाही तर हरणाऱ्यानं गाव द्यायचं.
आजवर बाईंनी आमच्याकडून
टांगा, लामू, मोम्बासा, अर्धा किनारा घेतलेला.
"हरले," त्या म्हणाल्या. "कोणतं गाव देऊ?"
"मस्कत."
"दिलं."

पण गाव घेणाऱ्यानं उत्तर सांगावं लागतं,
नाहीतर खेळ पुरा होत नाही.
आम्ही थांबलो. तिनं ओढणीचं टोक चावलं
आणि स्वतःचं नाव सांगितलं: सिकुजुआ.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ,
मला माहीत नव्हतं.

कोणी हसलं नाही. मग फाकी हसला,
मग ती स्वतः, मग सगळेच,
आणि घंटा झाली.

मी आता लवंगा मोजतो, सरकारी काट्यावर.
पोत्याचं वजन वजा करतो, ओल वजा करतो,
उरतं ते लिहितो.
पावतीवर नावाची जागा कोरी असते,
माणूस समोर येईपर्यंत.
काल एक बाई उभी राहिली. "नाव?" मी विचारलं.
वर पाहिलं, आणि
पेन तसंच धरून म्हणालो,
"थांब, सांगू नकोस.
आधी सांग, ते आले का?"